आजारी मांजर आणि अँटिबायोटिकची गोळी

प्रतिजैविक, म्हणजे रोजच्या बोलण्यातले अँटिबायोटिक, हे जिवाणूंना मारणारे किंवा त्यांची वाढ थोपवणारे औषध आहे. त्याने ताप थेट उतरत नाही, दुखणे थांबत नाही, भूक वाढत नाही. विषाणू, बुरशी, जंत आणि गोचीड यांच्यापुढे ते बहुधा निरुपयोगीच ठरते. मांजर मलूल झाले, खाईनासे झाले की घरात पहिला विचार याच औषधाचा होतो. पण मांजराच्या नेहमीच्या आजारांपैकी बरेचसे जिवाणूंचे नसतात. जे असतात त्यांच्यासाठीही माणसाच्या पट्टीतली गोळी चालेलच असे नाही, कारण मांजराचे यकृत, डोळे आणि अन्ननलिका औषधांशी माणसापेक्षा फार वेगळ्या तऱ्हेने वागतात.

पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात या प्रश्नाला स्थानिक बाजूही आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीत कापड, पोलाद आणि रसायनांबरोबर औषधांचा कच्चा माल, म्हणजे बल्क ड्रग, तयार होतो आणि त्यात प्रतिजैविकेही आहेत. मेडिकलची दुकाने बोईसरमध्ये आणि पालघरच्या स्टेशन भागात हाकेच्या अंतरावर सापडतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मात्र मुळात गाय, बैल, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्यासाठी उभे राहिलेले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा एका बाजूला वसईसारखे शहर आणि दुसऱ्या बाजूला जव्हार-मोखाड्याचे डोंगर सांभाळतो. पशुसंवर्धनाचे बळ साहजिकच दुभत्या जनावरांवर खर्च होते. थोडक्यात, औषध कोपऱ्यावर आणि मांजराचा जाणकार डॉक्टर लांब, अशी इथली स्थिती आहे. मांजरांच्या बाबतीत अँटिबायोटिकचा गैरवापर होतो तो बेफिकिरीपेक्षा या अंतरामुळेच अधिक.

किनाऱ्यावरच्या गावांत आणखी एक गोष्ट आहे. सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर, डहाणू इथली मांजरे पुष्कळदा एका घराची नसतात. मासळी उतरते तिथे, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या खाली, जाळी विणणाऱ्यांच्या पायाशी ती वाढतात. चार घरी खाणारे मांजर आजारी पडले की चार घरची औषधे त्याच्या पोटात जाण्याची शक्यता असते, आणि आधी कोणी काय दिले हे दवाखान्यात सांगायला कोणीच नसते. म्हणून अशा मांजराची जबाबदारी आजारापुरती तरी एकाच घराने घ्यावी. उपचाराची खरी सुरुवात तिथून होते.

आता कोणत्या आजारात काय. मांजराची सर्दी सर्वांत आधी घ्यावी, कारण ती सर्वांत जास्त दिसते. शिंका, डोळ्यांतून पाणी, नाक चोंदणे, तोंडात फोड ही लक्षणे बहुतेक वेळा दोन विषाणूंमुळे येतात. एक नागिणीच्या विषाणूच्या जातकुळीतला मांजरांचा हर्पिस विषाणू, दुसरा कॅलिसी विषाणू. यांवर अँटिबायोटिकचा परिणाम शून्य. पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना असे सांगतात की मांजर खात-पीत असेल, अंगात ताप नसेल, तर साध्या सर्दीत दहा दिवसांपर्यंत अँटिबायोटिकशिवाय लक्ष ठेवावे. नाकातून घट्ट, पिवळा-हिरवा स्राव येत असेल आणि सोबत ताप, सुस्ती, अन्नावरची वासना जाणे असे काही असेल, तर मात्र जिवाणूंनी मागून शिरकाव केला असे धरून औषध सुरू करतात. अशा वेळी पहिली पसंती बहुधा डॉक्सिसायक्लिनला असते. बाकीच्या मांजरांसाठी उपचार साधाच आहे. नाक-डोळे कोमट मिठाच्या पाण्याने पुसावेत, उबदार जागा द्यावी आणि वास येईल असे गरम अन्न द्यावे. नाक बंद झालेल्या मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही की ते जेवत नाही. उकडलेल्या मासळीचा कोमट रस्सा, मीठ-मसाल्याशिवाय, इथे अनेक औषधांपेक्षा उपयोगी पडतो.

न जेवण्याचा धोका लोक कमी लेखतात. मांजर, विशेषतः गुबगुबीत मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर शरीरातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृत निकामी होऊ शकते. त्यामुळे घरचे अँटिबायोटिक देऊन ‘दोन दिवस वाट बघू’ असे म्हणण्यात वेळ जातो आणि मूळ आजाराबरोबर नवा आजार उभा राहतो.

जुलाबांचेही तसेच. पिल्लांचे जुलाब पुष्कळदा जंतांमुळे, बदललेल्या खाण्यामुळे किंवा वाटीभर दुधामुळे होतात. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, ही गोष्ट मराठी घरांतल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. माणसांच्या जुलाबांवर घरोघरी असणारी नॉरफ्लॉक्सॅसिन-टिनिडॅझोलची गोळी अशा पिल्लाला दिली, तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जुलाब लांबतात. रक्तमिश्रित जुलाब, सतत उलट्या आणि अतिशय मलूलपणा एकत्र दिसला, तर पॅनल्युकोपेनिया या पार्वो जातीच्या विषाणूचा संशय घ्यावा लागतो. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात, मग आतड्यातले जिवाणू रक्तात शिरू नयेत म्हणून डॉक्टर इंजेक्शनने अँटिबायोटिक देतात. पण तिथेही जीव वाचतो तो मुख्यतः सलाइनने आणि निगराणीने, आणि ती घरी होत नाही.

लघवीचा त्रास हा गैरसमजाचा मोठा विषय. बोका वाळूत पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, लघवी थेंबथेंब होते किंवा रक्त दिसते. माणसाच्या अनुभवावरून ‘युरिन इन्फेक्शन’ असा अर्थ लावून गोळी दिली जाते. तरुण मांजरांत या लक्षणांमागे जिवाणू क्वचितच असतात. मूत्राशयाची ताणतणावाशी जोडलेली सूज, खडे किंवा मूत्रमार्गात अडकलेला गोळा हीच कारणे जास्त. दहा वर्षांपुढच्या मांजरांत मात्र खऱ्या संसर्गाचे प्रमाण वाढते. बोक्याची लघवी पूर्ण बंद झाली असेल तर ती तातडीची वेळ आहे. पोटॅशियम साचून एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकते, आणि जगातले कोणतेही अँटिबायोटिक ती वाट मोकळी करत नाही.

याउलट, भांडणातून झालेला गळू हा अँटिबायोटिकचा खरा प्रांत आहे. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. कातडीवरचे छिद्र दिवसभरात मिटते आणि आत पाश्चुरेला व इतर जिवाणू कोंडले जातात. तीन-चार दिवसांनी गाल, शेपटीचे बूड किंवा पाय सुजून गरम होतो. यावर अमॉक्सिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट चांगले चालते, पण पू बाहेर काढल्यानंतर. पुवाच्या पिशवीत औषध नीट पोहोचत नाही. बंद गळूवर आठ दिवस गोळ्या देत राहणे हा पैशाचा अपव्यय आहे, आणि जिवाणूंना औषधाची ओळख करून देण्याचा खात्रीचा मार्गही.

मासळीच्या गावांत एक आजार हमखास चुकतो. मांजराने जाळ्याचा नायलॉन दोरा, गळाला बांधलेली तंगूस किंवा माशाचा मोठा काटा गिळलेला असतो. उलट्या, लाळ, न खाणे, पोटदुखी ही लक्षणे संसर्गासारखीच दिसतात आणि तीन दिवस गोळ्यांत जातात. तोवर दोऱ्याने आतडे चुणून कापले जाण्याची वेळ येते. जिभेखाली किंवा गुदद्वारातून दोऱ्याचे टोक दिसले तर ते ओढू नये. ओढल्याने आत ताणलेले आतडे फाटते. तसेच सरत्या पावसात अंगावर गोल, केस गेलेले चट्टे येतात ते नायट्याचे असतात, म्हणजे बुरशीचे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने, १९५४ मध्ये स्थापन झालेल्या आणि देशात पेनिसिलिन बनवणाऱ्या पहिल्या सरकारी कारखान्याने, बुरशीवरचे हॅमायसिन हे वेगळे औषध शोधून काढले होते. बुरशीला वेगळे औषध लागते हे त्या काळातही स्पष्ट होते. स्टेरॉइड, निओमायसिन आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मलम माणसालाही घातक सवय लावते. मांजर तर ते चाटून पोटात घेते.

मांजर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे, लहान कुत्राही नव्हे. अनेक औषधे शरीरातून बाहेर टाकण्यासाठी यकृत त्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल जोडते. मांजराच्या वंशात या कामाचे एक महत्त्वाचे जनुक निकामी झालेले आहे. कडक मांसाहारी प्राण्याला वनस्पतींतली विषारी द्रव्ये पचवण्याची गरज पडली नाही, म्हणून ती क्षमता गळून गेली असे मानतात. याचा सर्वांत भयंकर परिणाम अँटिबायोटिकमध्ये नव्हे, तर त्याच्या सोबत दिल्या जाणाऱ्या गोळीत दिसतो. ‘ताप आहे’ म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहू शकत नाही. आयबुप्रोफेनही तितकेच वाईट. अशी गोळी पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा, कारण अॅसिटिलसिस्टीन हा उतारा लवकर दिला तरच उपयोगी पडतो.

अँटिबायोटिकांतही काही नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे पशुवैद्यकातले चांगले औषध, पण मांजराच्या डोळ्याचा पडदा त्याच्या जास्त मात्रेने जळतो आणि कायमचे अंधत्व येऊ शकते. दिवसाला वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. गुरांसाठी मिळणाऱ्या १० टक्के इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे चार किलोच्या मांजराला जास्तीत जास्त ०.२ मिलिलिटर. गोठ्यात उरलेल्या बाटलीतून ‘थोडेसे’ म्हणून एक मिलिलिटर टोचले, तर ती मर्यादेच्या पाचपट मात्रा झाली. माणसांचे सिप्रोफ्लॉक्सॅसिन याच कुळातले, पण तोंडाने दिल्यावर मांजराच्या रक्तात त्याचा लहानसा हिस्साच पोहोचतो. तेव्हा एकाच्या जागी दुसरे चालत नाही. गुरांना दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनच्या मिश्रणातले स्ट्रेप्टोमायसिन मांजराच्या आतल्या कानाला बाधते. तोल जातो, डोके वाकडे होते. जेंटामायसिन आणि अॅमिकासिन मूत्रपिंडाला धोकादायक, विशेषतः पाणी कमी झालेल्या मांजरात. मेट्रोनिडॅझोल इतके कडू की मांजर फेस गाळत घरभर पळते. तो फेस विषबाधेचा नसतो, पण जास्त मात्रा जास्त दिवस दिली तर झटके येऊ शकतात. क्लोरॅम्फेनिकॉल पोटात दिले तर अस्थिमज्जेवर परिणाम होतो.

डॉक्सिसायक्लिन औषध म्हणून उत्तम आणि स्वस्तही, पण ते देण्याची पद्धत चुकली तर अनर्थ होतो. माणूस गोळीबरोबर घोटभर पाणी पितो. मांजर कोरडीच गिळते. कोरडी गोळी किंवा कॅप्सूल मांजराच्या अन्ननलिकेत मिनिटेच्या मिनिटे अडकून राहते. डॉक्सिसायक्लिनच्या काही प्रकारांचा द्रव आम्लधर्मी असल्याने तिथे व्रण होतो आणि एक-दोन आठवड्यांत अन्ननलिका आकसते. मग मांजर खाल्लेले सगळे तसेच बाहेर काढते आणि आधीच्या आजारातून बरे झालेले असूनही उपासमारीने मरायला टेकते. क्लिंडामायसिनची कॅप्सूलही अशीच बेभरवशाची. उपाय अगदी साधा आहे. गोळीनंतर लगेच सुई काढलेल्या सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी गालाच्या बाजूने हळूहळू द्यावे, किंवा वर थोडे पातळ अन्न खायला घालावे. दुधातून मात्र देऊ नये. दुधातले कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवते आणि काही औषध न शोषले जाता बाहेर जाते.

मात्रा वजनावर ठरते, आणि वजन अंदाजाने धरण्यात मोठी फसगत होते. मांजराला कापडी पिशवीत घेऊन आपण वजनकाट्यावर उभे राहावे, मग मांजराशिवाय. दोन्हींतला फरक म्हणजे मांजर. पिल्लासाठी किराणा दुकानातला किंवा मासळीचा काटा जास्त अचूक. माणसांच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या नेहमीच्या गोळीत ५०० आणि १२५ मिळून ६२५ मिलिग्रॅम औषध असते. साधारण चार किलोच्या मांजराची एका वेळची मात्रा त्याच्या दहाव्या-बाराव्या हिश्शाच्या आसपास येते. गोळीचे दहा सारखे तुकडे सुरीने कोणालाच करता येत नाहीत. शिवाय क्लॅव्ह्युलॅनेट दमट हवेत लवकर खराब होते. किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात उघडी ठेवलेली अर्धी गोळी दुसऱ्या दिवशी किती कामाची उरली हे सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर प्राण्यांसाठीची लहान गोळी किंवा लहान मुलांचे सिरप लिहून देतात. पाणी घालून बनवलेले हे सिरप फ्रिजमध्ये ठेवून बाटलीवर लिहिलेल्या सात ते दहा दिवसांत संपवावे लागते. वीज रात्रभर गेली तर बाटली बर्फाच्या डब्यात ठेवणे हा व्यवहार्य मार्ग. दरवेळी हलवून, चमच्याने नव्हे तर सिरिंजने मोजूनच द्यावे.

गोळी भरवणे ही कसरत असते हे मांजर पाळणाऱ्याला सांगायला नको. मांजराला जाड पंच्यात नखे आत राहतील असे गुंडाळावे, मागून धरावे, गालाच्या हाडांवर हात ठेवून डोके किंचित वर करावे, खालचा जबडा बोटाने उघडून गोळी जिभेच्या मागच्या बाजूला ठेवावी आणि तोंड मिटून घसा चोळावा. जमत नसेल तर झटापट वाढवू नये. चूर्ण करून माशाच्या गोळ्यात चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. काही गोळ्या फोडायच्या नसतात. या झटापटीत मांजर चावले तर प्रश्न माणसाच्या उपचारांचा होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजच्या लशीसाठी जावे. मांजरही रेबीज पसरवते, आणि रेबीजवर अँटिबायोटिक चालत नाही. चाव्याच्या जखमेसाठी लागणारे अँटिबायोटिक तिथला डॉक्टर ठरवेल. मांजराचे उरलेले औषध माणसाने घेऊ नये.

औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत फरक दिसला पाहिजे. ताप उतरावा, खाणे सुरू व्हावे, सूज ओसरावी. मांजराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस, माणसापेक्षा जास्त. हाताला गरम लागले म्हणजे ताप आहे असे नाही. तिसऱ्या दिवशीही सुधारणा नसेल तर मात्रा वाढवू नये, मेडिकलमधून ‘याहून स्ट्राँग’ गोळीही आणू नये. निदान चुकले आहे, औषध पोटात जात नाही, की जिवाणू त्याला जुमानत नाहीत, हे पाहण्याची ती वेळ असते. पू किंवा लघवी तपासून कोणते जिवाणू आहेत आणि ते कोणत्या औषधाने मरतात हे कल्चर चाचणीत कळते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना घेतला तर तिचा निकाल खरा येतो. घरून तीन दिवस गोळ्या देऊन मग तपासणीला जाणाऱ्यांची ही संधी हुकलेली असते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसणे, भिंतीला धडकणे, तोल जाणे, चेहरा सुजणे यांपैकी काही दिसले तर औषध थांबवून लगेच फोन करावा.

किती दिवस द्यायचे, याबद्दलची समजूत बदलत आहे. जास्त दिवस म्हणजे जास्त खात्री, असे आता मानत नाहीत. साध्या मूत्राशयदाहाला तीन ते पाच दिवस पुरतात, अशा शिफारशी आहेत. पण याचा अर्थ मांजर खेळायला लागले की आपल्या मनाने थांबावे असा नाही. मुदत डॉक्टर ठरवतात आणि कमी करायची तर तेच करतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेने जिवाणू पेनिसिलिनला सरावतील, असा इशारा दिला होता. कंटाळून मध्येच सोडलेली किंवा निम्म्यावर आणलेली मात्रा नेमके तेच करते.

कायद्याने अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पट्टीवरची उभी लाल रेघ तेच सांगते. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ या अनुसूचीत सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोन यांसारखी औषधे आहेत. त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही दुकानदाराला ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. मांजरासाठीही चिठ्ठी लागते आणि ती नोंदणीकृत पशुवैद्यकाची असावी लागते. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने हा अधिकार त्यांचाच. फोनवर ‘काय देऊ?’ असे विचारले तर मेडिकलवाला माणसाच्या अनुभवावरून सांगतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मांजराचे शिक्षण मिळालेले नसते, आणि ते त्याचे कामही नाही.

मग जायचे कुठे? तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पदवीधर डॉक्टर असतो, आणि गुरांचा दवाखाना असला तरी मांजर तपासायला त्याची ना नसते. जखम, गळू, ताप, वजन आणि पहिले औषध एवढे तिथे निभते. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा फोन क्रमांक मुख्यतः पशुधनासाठी असला तरी जवळच्या दवाखान्याची चौकशी तिथे करता येते. बोईसर-पालघर भागातले खासगी पशुवैद्यक हा दुसरा मार्ग. एक्स-रे, सोनोग्राफी, कल्चर किंवा बोक्याची लघवी मोकळी करण्यासारखी वेळ आली, तर वसई-विरार किंवा मुंबई गाठावी लागते. परळला १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय एकाच भागात आहेत. दवाखान्यात जाताना आधी दिलेल्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या बरोबर न्याव्यात. ‘एक पांढरी गोळी दिली’ या वाक्याने डॉक्टरला काहीही कळत नाही, आणि लाजेने लपवलेली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला महागात पडते.

एका मांजराला दिलेल्या गोळीचा समाजाशी संबंध काय, असा प्रश्न पडू शकतो. औषधांना न जुमानणारे जिवाणू घरातल्या माणसांत आणि पाळीव प्राण्यांत इकडून तिकडे जातात. एकाच घरातल्या माणसात आणि मांजरात एकाच वाणाचे ई. कोलाय सापडल्याचे अभ्यास आहेत. उशीवर झोपणारे मांजर या बाबतीत घरचा माणूसच. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकांची जी वर्गवारी केली आहे, तिच्यात आधी वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची असे तीन गट आहेत. मांजरासाठीही शिडी तीच. अमॉक्सिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिनने भागत असेल तिथे सेफ्ट्रायॅक्सोनचे इंजेक्शन मागणे गैर आहे, मग ते दिवसातून दोनदा गोळी भरवण्यापेक्षा कितीही सोयीचे असो.

तारापूरच्या वाचकाला याची आणखी एक बाजू जवळची वाटेल. हैदराबादजवळच्या पटनचेरूमध्ये औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळल्याचे २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांनी प्रसिद्ध केले. हे प्रमाण औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातल्या प्रमाणापेक्षाही जास्त होते. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला; २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा राहिल्या नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ९३.६९ गुणांसह तारापूर देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत पहिले होते, आणि सांडपाण्याचा प्रश्न अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला होता. तो वाद एकूण औद्योगिक सांडपाण्याचा आहे, अँटिबायोटिकपुरता नाही. पण खाडीच्या पाण्याबद्दल एवढे जागरूक असलेल्या किनाऱ्याने घरातल्या उरलेल्या गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकू नयेत, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

अँटिबायोटिकची गरजच कमी भासावी यासाठी तीन गोष्टी उपयोगी पडतात. आठ आठवड्यांपासून सुरू करून सुमारे चौथ्या महिन्यापर्यंत पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी यांवरची एकत्र लस. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस. आणि बोक्याची वेळेवर नसबंदी. नसबंदी झालेला बोका कमी भटकतो, कमी भांडतो, आणि त्यामुळे गळूंचे प्रमाणही घटते.

कोर्स संपल्यावर उरलेले औषध पुढच्या वेळेसाठी किंवा शेजारच्या मांजरासाठी ठेवू नये. ते पट्टीसकट दवाखान्यात परत द्यावे. तिथे घेत नसतील तर गोळ्या न चुरता वापरलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळाव्यात आणि पिशवी घट्ट बांधून ओल्या-सुक्यापासून वेगळ्या ठेवलेल्या घातक कचऱ्यात द्यावी, म्हणजे कचरा चिवडणारी मांजरेही त्यांच्या वाटेला जाणार नाहीत.